'राक्षस' या शब्दात कुरूपपणा मुळातच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा : मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथेत तुम्ही 'काळाकभिन्न, दाताळ, कुबडा राक्षस' असं लिहिलंत. संपादकांचं म्हणणं, दिसण्यावरून दुष्टपणा दाखवू नका आणि 'राक्षस' हा शब्दच काढून टाका. शब्दातच कुरूपपणा असेल तर लेखकाने करायचं काय, असं तुम्ही विचारता.

शब्दात तो नाही. धातू 'रक्ष्'. रामायणाच्या उत्तरकांडातली कथा तर अशी, की ब्रह्मदेवाने पाणी उत्पन्न केलं, प्राणी निर्माण केले आणि त्यांना त्या पाण्याचा सांभाळ करायला सांगितलं. 'रक्षाम', म्हणजे 'आम्ही राखू', असं जे म्हणाले ते राक्षस झाले. म्हणजे मूळचे राखणदारच! ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरेल असं नाही. पण सांगणाऱ्याच्या मनात सुळे-शिंगं नव्हती, एवढं तिच्यातून नक्की कळतं.

अमरसिंहाच्या अमरकोशातली, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशातली, राक्षसाची नावं बघा. क्रव्याद म्हणजे मांस खाणारा, अस्रप म्हणजे रक्त पिणारा, रात्रिंचर म्हणजे रात्री हिंडणारा. त्याच यादीत 'पुण्यजन'ही आहे (अमरसिंहाने हे हसत लिहिलं की गंभीरपणे, कोण जाणे). 'कर्बुर', म्हणजे चित्रविचित्र रंगाचा, हे एक नाव सोडलं तर बहुतेक सगळी नावं तो काय करतो किंवा कोणाचा कोण लागतो ते सांगतात. नाकडोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. सुंदरकांडात रावणाला भरसभेत पाहून हनुमान मनाशी म्हणतो, 'अहो रूपमहो धैर्यम्'. शत्रूच्या दरबारात बांधून आणलेला दूत आधी रूपाचं कौतुक करतो! उलट भला निघालेल्या भावाचं नाव बिभीषण, म्हणजे भयंकर. देखण्या हरणाच्या कातडीत मारीच असतो, आणि पूतना गोकुळात येते ती सुंदर बाई होऊन.

आजच्या मराठीतही तेच. 'राक्षसी बहुमत' दिसायला कसं असतं? राक्षसविवाह म्हणजे मुलगी जबरदस्तीने पळवून नेऊन केलेलं लग्न. आणि पत्रिकेत राक्षसगण असलेल्या कितीतरी मुली चांगल्या देखण्या असतात. स्थळं नाकारणारे नाकारतात ते गण बघून.

मग कुरूपपणा चिकटला कुठून? माझ्या मते चित्रांतून, नाटकांतल्या रंगरंगोटीतून आणि ठरावीक विशेषणांतून. म्हणून 'राक्षस' खुशाल ठेवा. संपादकांची दुसरी सूचना मला पटत नाही, पहिली मात्र पूर्ण पटते. 'कुबडा' आणि 'दाताळ' ही चालत्याबोलत्या माणसांची वर्णनं आहेत, आणि वर्गात दात पुढे असलेलं एखादं पोर असतंच. त्याने तुमची गोष्ट वाचली की मधल्या सुट्टीत त्याला काय हाक मारली जाणार, हे सांगायला नको. 'दाताळ'ऐवजी 'सुळे' लिहा. सुळ्यांवरून तो काय खातो ते कळतं, म्हणजे आपण 'क्रव्याद'पाशी परत आलो. 'दाताळ'मध्ये नुसती टवाळी आहे. कुबड तर सरळ काढून टाका, कथेत त्याचं काहीच काम दिसत नाही.

भीती हवीच असेल तर 'अक्राळविक्राळ' आहे. त्यात अवाढव्यपणा आणि दरारा आहे, नीतीचा शिक्का नाही. शंकराच्या आरतीत 'विक्राळा' आणि 'लावण्यसुंदर' एकाच कडव्यात येतात आणि म्हणताना कोणीही अडखळत नाही. 'हिडीस', 'ओंगळ' हे शब्द मात्र जपून वापरा. ते रूपाबद्दल आहेत की वागण्याबद्दल, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि दोन्ही नकळत एक होऊन जातात.

राहिला 'काळाकभिन्न'. विठोबाला सावळा म्हणून आळवणाऱ्या भाषेत तो खलपुरुषासाठीच राखून ठेवायचं कारण मला दिसत नाही. शब्द झकास आहे, वाया घालवू नका. तुमच्या राक्षसाच्या गुहेबाहेर जो कातळ आहे, त्याला लावा.