आम्ही दोघं ६९ आणि ६५ वर्षांचे. १२ दिवसांत डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड स्वतः आखून जमेल का?

फिनलंड काढून टाका आणि दोन दिवस वाढवा, म्हणजे नक्की जमेल. तुम्ही लिहिलंय की पत्नीचे गुडघे दुखतात आणि टूर कंपनीच्या कार्यक्रमात जवळजवळ रोज सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आहेत. आम्ही २०२४च्या जूनमध्ये स्वतःच आखून गेलो. मी ६६ची, हे ७१चे, आणि दुखरे गुडघे आमच्याकडे माझे. म्हणून तुमच्या पत्नीच्या बाजूनेच लिहिते.

आखताना आम्ही मोजलं ते एवढंच, की बॅग किती वेळा भरावी लागणार. कोपनहेगन चार रात्री, स्टॉकहोम चार, मग नॉर्वेत ऑस्लो दोन, फ्लोम हे छोटं गाव दोन, बर्गन दोन. चौदा रात्री, पाच मुक्काम. जाताना कोपनहेगनला उतरायचं आणि परतीचं विमान बर्गनहून धरायचं. जाण्याचं एका शहराचं आणि येण्याचं दुसऱ्या शहराचं तिकीट एकत्र काढता येतं. आल्या वाटेने मागे फिरायचा दिवस वाचतो.

व्हिसा तिन्ही देशांना मिळून एकच, शेंगेन. अर्ज मात्र जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. वरच्या आखणीत नॉर्वेत सहा रात्री होतात, म्हणून अर्ज नॉर्वेचा. दिवस समसमान असतील तर जिथे आधी उतरणार तो देश. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे-जूनसाठी लवकर केलेलाच बरा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. बीपी, शुगर, गुडघे, जे काही असेल ते विमा घेताना सांगा आणि आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे का हे पॉलिसीत स्वतः वाचा. आमच्या एजंटने ‘सगळं कव्हर होतं’ असं फोनवर सांगितलं होतं. कागदावर तसं नव्हतं, आम्ही पॉलिसी बदलून घेतली.

शहरांमध्ये विमान टाळा, रेल्वेने जा. विमानतळावरची चालच गुडघ्यांना नको होते. कोपनहेगन ते स्टॉकहोम साधारण पाच-साडेपाच तास लागतात. २००० साली खुला झालेला ओरेसुंड पूल त्याच वाटेवर आहे. गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, मग कृत्रिम बेटावर वर येते आणि तिथून जवळजवळ आठ किलोमीटर पाण्यावरून धावते. पासपोर्ट हाताशी ठेवा, स्वीडनच्या बाजूला तपासतात. स्टॉकहोम-ऑस्लो सहा तासांच्या आसपास. उन्हाळ्यात तिकडे रुळांची कामं काढतात आणि मधल्या टप्प्यात रेल्वेऐवजी बस देतात, तेव्हा तिकीट काढताना बदल किती आहेत ते बघा. नॉर्वेत ६७ पूर्ण झालेल्यांना रेल्वेत सवलत मिळते, ती तुमच्यापैकी ६९ वर्षांच्यांना लागू होईल.

हॉटेल निवडताना मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. स्टॉकहोमचं गामला स्तान, म्हणजे जुनं गाव, फोटोत फार गोड दिसतं, म्हणून तिथलंच हॉटेल घेतलं. रस्ते गोल गोट्यांच्या फरसबंदीचे आणि चढाचे. बॅगेचं चाक दोन गोट्यांत असं अडकलं की ह्यांना ती उचलूनच न्यावी लागली. हॉटेलच्या माहितीत ‘लिफ्ट आहे’ लिहिलं होतं. होती, पण अकरा पायऱ्या चढून गेल्यावर. आता मी बुकिंगआधी ईमेल करून विचारते: रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? मुक्काम स्टेशनजवळ सपाटीवर घ्या आणि जुनं गाव बघायला सकाळी जा, गर्दी नसते.

स्टॉकहोममध्ये वासा संग्रहालय चुकवू नका. १६२८मध्ये पहिल्याच सफरीत बंदरातच बुडालेलं युद्धनौकेचं धूड १९६१मध्ये वर काढलं, ते अख्खं समोर उभं आहे. लिफ्टने मजल्यामजल्यावर जाता येतं, मध्ये बसताही येतं. ऑस्लोत विगेलान शिल्पांची बाग पुरे. ऑपेरा हाउसच्या उतरत्या छपरावर लोक चालतात, पाऊस पडला असेल तर तिकडे जाऊ नका, घसरायला होतं.

खरा जीव ओवाळून टाकावा अशी वाट म्हणजे ऑस्लो ते बर्गन. बहुतेक जण ती ‘नॉर्वे इन अ नटशेल’ म्हणून एका दिवसात उरकतात: रेल्वे, दुसरी रेल्वे, बोट, बस, पुन्हा रेल्वे. आपल्या वयाला तो दिवस फार लांब होतो. मध्ये फ्लोमला दोन रात्री काढा. ऑस्लोहून निघालेली गाडी फिन्सेला १,२२२ मीटरवर पोहोचते. जूनमध्येही तिथे तळ्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. म्यूरदालला उतरून समोरची हिरवी फ्लोम रेल्वे पकडायची. वीस किलोमीटरमध्ये ती साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरते, आणि वाटेत क्योस धबधब्यापाशी काही मिनिटं थांबते. तुषारांनी ह्यांचा चष्मा पांढरा झाला. ह्यांनी तो पुसला नाही, हातात धरून तसेच उभे राहिले.

दुपारी फ्लोमला क्रूझच्या प्रवाशांची जत्रा असते. संध्याकाळी ते गेले की उरतात डोंगर, पाणी आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. रात्री साडेदहाला मी बाहेर बाकावर बसून दिव्याशिवाय गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक तारीख वाचली. दुसऱ्या दिवशी फक्त बसने स्टेगास्टाइनला जा, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, ६५० मीटर वर बांधलेला सज्जा आहे. तिसऱ्या दिवशी गुदवांगेनपर्यंत दोन तासांची बोट, मग बसने व्हॉस, तिथून रेल्वेने बर्गन. ही बोट जागतिक वारसा यादीतल्या नेरॉय फ्योर्डमधून जाते. बाहेर बोचरा वारा असतो, कानटोपी घालाच. मोठी बॅग ऑस्लोहून थेट बर्गनच्या हॉटेलात पाठवता येते. पैसे लागतात, पण हा खर्च टाळू नका.

खाण्याचं म्हणाल तर हॉटेलचा नाश्ता भरपूर असतो, तो पोटभर करायचा. रात्री भाजणी, उपम्याचं तयार पीठ, मेतकूट-भात. त्यासाठी दोन ठिकाणी तरी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. नॉर्वेत रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद, शनिवारीच दूध-ब्रेड आणून ठेवा. स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनच्या मधल्या शुक्रवारी मिडसमर हा सण असतो, तेव्हा स्टॉकहोम ओस पडतं. तो शुक्रवार दुसऱ्या देशात काढा.

तिन्ही देशांचे क्रोनर वेगवेगळे, एकाचे दुसरीकडे चालत नाहीत. पण आम्हाला रोख लागलीच नाही, बसपासून कॉफीपर्यंत सगळं कार्डावर. दोघांकडे वेगळं कार्ड असू द्या. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, पडद्यांच्या फटीतून पहाटे तीनलाच उजाडतं.

बाकीची बुकिंगं सावकाश करा, फ्लोमचं मात्र तारखा ठरल्या त्याच दिवशी. गाव चिमुकलं आहे, हॉटेलं मोजकीच, आणि तळमजल्यावरच्या खोल्या आधी जातात.