ऑल-इन-वन संगणक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : करसल्लागाराच्या छोट्या कार्यालयासाठी ऑल-इन-वन घ्यायचा आहे. दोन दुकानांची कोटेशने आली. दोन्हींवर तेच लिहिलंय : ‘आय५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २४ इंच’. किमतीत मात्र नऊ हजारांचा फरक आहे. तो कशामुळे? (कराड)

उत्तर : एवढ्या चार शब्दांवर यंत्र घेऊ नका. दोन्ही दुकानदारांकडून पूर्ण मॉडेल क्रमांक आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या. ऑल-इन-वन दिसतो डेस्कटॉपसारखा, पण आतून तो बहुतेक वेळा लॅपटॉपच असतो : पडद्यामागे बसवलेला, बॅटरी नसलेला. त्यामुळे ‘आय५’ हे नाव फार काही सांगत नाही, खरी माहिती पुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते. आय५-१३३५यू हा १५ वॅटचा प्रोसेसर, त्यात २ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग). आय५-१३४२०एच ४५ वॅटचा, ४ मोठे आणि ४ छोटे. आय५-१३४०० हा खरा डेस्कटॉपचा, ६५ वॅटचा, ६ मोठे आणि ४ छोटे. तिघांच्याही खोक्यावर आय५च. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल एवढंच काम असेल तर ‘यू’ पुरेसा आहे, आणि तो गरमही कमी होतो. व्हिडिओ संपादन किंवा मोठ्या फाइलींचं डीटीपी करायचं असेल तर ‘एच’ घ्या.

एएमडीच्या रायझनमध्ये अशीच एक गफलत आहे. ७००० मालिकेच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, मुळात २०१९ची रचना, ४ कोअर. रायझन ५ ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ६ कोअर. क्रमांकात दहाचा फरक, कामात बराच. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

रॅमबद्दल दुकानात हाच प्रश्न विचारा : ८ जीबीची एकच पट्टी आहे का, आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे का? तसं असेल तर पुढे त्याच प्रकारची ८ जीबीची आणखी एक पट्टी टाकून १६ करता येते. दोन पट्ट्या असल्या की रॅम दोन मार्गांनी चालते आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्राला त्याचा चांगला फायदा होतो, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅममधून चालतं. लॅपटॉपच्या आकाराची पट्टी लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका.

किमतीतला उरलेला फरक बहुधा पडद्यात सापडेल. ‘२४ इंच’ म्हणजे प्रत्यक्षात २३.८. पॅनल आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारं) आहे का, उजेड २५० निट की त्याहून जास्त, आणि रंग किती, हे माहितीपत्रकात पाहा. ‘एनटीएससी ७२ टक्के’ (एनटीएससी हे रंग मोजायचं माप) लिहिलं असेल तर जवळजवळ पूर्ण एसआरजीबी, म्हणजे संगणकाचे नेहमीचे सगळे रंग मिळतात, ‘४५ टक्के’ असेल तर लाल-केशरी रंग फिकट दिसतात. हिशेबाच्या कामाला ४५ चालेल. लग्नपत्रिका, अल्बम, फ्लेक्स करणाऱ्याने ते घेऊच नये, कारण पडद्यावरचा रंग आणि छापून आलेला रंग यांचं भांडण रोज होईल.

तुमच्या कामासाठी आणखी एक गोष्ट : डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन दिवसातून दहा वेळा काढघाल करावं लागतं. सगळे यूएसबी पोर्ट मागच्या बाजूला असतील तर हात मागे नेताना यंत्र दर वेळी हलतं. एखादा पोर्ट बाजूला किंवा खाली पुढच्या कडेला हवा.

प्रश्न : ५१२ जीबीचा एसएसडी घेतला, विंडोजमध्ये ४७६ दिसतो. फसवणूक झाली का? (नाशिक)

उत्तर : नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. आकडा बरोबर आहे.

प्रश्न : घरी २०१९मध्ये घेतलेला ऑल-इन-वन आहे. आठव्या पिढीचा आय३, १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. नवा घ्यावा की हाच सुधारावा? (चिपळूण)

उत्तर : हाच सुधारा. प्रोसेसर अजून कामाचा आहे, अडथळा फिरत्या डिस्कचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहेत, फक्त बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू आहेत ना ते बघा.

आधी कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. आत एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) रिकामा स्लॉट आहे का आणि तो एनव्हीएमई (वेगवान प्रकार) घेतो की फक्त साटा (जुना, हळू प्रकार), हे त्यात कळेल. स्लॉट नसेल तर हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीचा साटा एसएसडी बसवा. त्यानेही यंत्राचा कायापालट होतो.

सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते बंद करा किंवा ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा, नाहीतर जुन्या डिस्कवरचा डेटा कायमचा कुलूपबंद होईल. यंत्र बंद करून अ‍ॅडॉप्टर काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. टेबलावर जाड घडीची चादर अंथरून पडदा खाली करून सपाट ठेवा. पाठीवर कोपर टेकवू नका, तेवढ्यानेही पॅनल तडकतं. स्टँडचे स्क्रू काढा. मागचं झाकण बहुधा फक्त खटक्यांवर असतं. खालच्या कडेपासून सुरुवात करून प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड सरकवत न्या. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घातला की झाकणाची कड मोडते, आणि तो खोल गेला तर पडद्याची रिबन केबलही कापली जाते.

एम.२ पट्टी तिरकी घालून आत सरकवा, हलकेच दाबून आडवी करा आणि स्क्रू लावा.

आता नेहमी होणारी चूक. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर इन्स्टॉलर बूटचा भाग पुष्कळदा जुन्या डिस्कवरच ठेवतो. सगळं छान चालतं, आणि वर्षभराने जुनी डिस्क बिघडली की नवा एसएसडी शाबूत असूनही यंत्र सुरू होत नाही. एम.२ पट्टी बसवली असेल तर इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर केबल परत जोडा आणि ती डिस्क फोटो-कागदपत्रांसाठी वापरा. विंडोजची नवी की बहुधा लागत नाही, डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो.

झाकण उघडलंच आहे तर पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो फिरू देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते. ऑल-इन-वनला यूपीएस लागतो का? घरात इन्व्हर्टर आहे. (औसा)

उत्तर : लागतो. यात बॅटरी नसते, वीज गेली की उघडी फाइल गेली. अ‍ॅडॉप्टरवर ९० वॅट लिहिलं असलं तरी कार्यालयीन कामात खर्च साधारण ३० ते ५० वॅटच होतो. म्हणून ६०० व्हीएचा साधा यूपीएस, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, पुरेसा आहे. नव्या बॅटरीवर अर्धा तास धरून चला. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, कागद तापवताना तो शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस बंद पडतो.

इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असेल तर तो ‘यूपीएस’वर ठेवा. ‘इको’वर वीज बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होतो.

यंत्राच्या धातूच्या स्टँडला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासा. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधून लावली, किंवा सॉकेटला अर्थिंगच नसलं, की असं होतं. वायरमनकडून ते दुरुस्त करून घेईपर्यंत यंत्र वापरू नका.

प्रश्न : ऑल-इन-वनला एचडीएमआय आहे. लॅपटॉप जोडून त्याचा मॉनिटर करता येईल? (डोंबिवली)

उत्तर : बहुतेक यंत्रांत नाही. ते पोर्ट ‘आउट’ असतं, म्हणजे दुसरा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडण्यासाठी. माहितीपत्रकात स्पष्टपणे ‘एचडीएमआय इन’ लिहिलेलं असेल तरच लॅपटॉपचं चित्र पडद्यावर येतं. मदरबोर्ड बिघडला तरी पडदा मॉनिटर म्हणून वापरता यावा असं वाटत असेल तर खरेदीपूर्वी हे जरूर विचारा. अशी मॉडेल थोडी आहेत.

प्रश्न : २७ इंची घ्यावा का? दवाखान्यात भिंतीवर लावायचा आहे. (मालवण)

उत्तर : २७ इंचात १९२० बाय १०८० रिझोल्यूशन असेल तर एका इंचात सुमारे ८२ ठिपके पडतात, २३.८ इंचात ९२-९३. जवळून देवनागरी वाचताना मात्रा-रफार जाडेभरडे दिसतात. २७ घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्या. भिंतीसाठी पाठीवर १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं (भिंतीचा कंस बसवायची ठरलेल्या मापाची भोकं) हवीत. अनेक ऑल-इन-वनला ती नसतात आणि स्टँड काढता येत नाही. असेल तरी भिंतीपासून पाठीला तळहाताएवढी मोकळी जागा ठेवा आणि वरच्या जाळीवर कपडा किंवा फाइल टाकू नका, गरम हवा तिथूनच बाहेर पडते. किनाऱ्यावरच्या खारट दमट हवेत पोर्ट लवकर गंजतात. पावसाळ्यात दवाखाना काही दिवस बंद असला तरी यंत्र रोज तासभर चालू ठेवा, त्याच्या उष्णतेने आतला दमटपणा उडतो.