पाठ केलेले शब्द तोंडी का येत नाहीत?

“मॅडम, चौदाशे शब्द पाठ केले आहेत, पण बोलायची वेळ आली की एकही आठवत नाही. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?” नोकरी करणाऱ्या एका तरुणीने पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारला. परीक्षेसाठी किंवा बढतीसाठी वरच्या पातळीचे इंग्रजी शिकणारे कितीतरी जण हीच चिंता घेऊन येतात. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव मांडत आहे.

दुसऱ्या भेटीत तिने आपली वही आणली. अक्षर रेखीव होते; डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एकाच शब्दात मराठी अर्थ, आणि प्रत्येक पानावर उजळणीच्या तारखा. मी अधूनमधून वीस शब्द विचारले, त्यांपैकी सतरांचे अर्थ तिने क्षणात सांगितले. स्मरणशक्ती कमी असलेल्या माणसाला हे जमत नाही, हे मी तिला तिथेच सांगितले. मग ‘मिटिगेट’ हा शब्द वाक्यात वापरायला सांगितले. ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “आय मिटिगेटेड माय वेट.” वहीत अर्थ होता ‘कमी करणे’. पण हा शब्द धोका, नुकसान, दुष्परिणाम अशा त्रासदायक गोष्टींची तीव्रता कमी करण्यासाठी वापरतात. वजन, किंमत किंवा वेग यांच्याशी त्याची सोयरीक नाही.

खरी जखम तिसऱ्या भेटीत समोर आली. एका मुलाखतीत तिने “मी माझ्या कामाबद्दल कॉम्प्लेसंट आहे” असे इंग्रजीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. वहीत त्या शब्दापुढे ‘समाधानी’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात त्यात आत्मसंतुष्टतेची, सगळे ठीकच आहे असे धरून गाफील राहण्याची छटा आहे. समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिले, ते तिच्या मनातून गेले नाही. त्या दिवसापासून कठीण शब्द ओठांवर आला की ती तो गिळून टाकत असे. विसरण्यामागे अशी भीती असेल, तर उजळणी कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मी तिला मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी एका सहकाऱ्यासह १९८७ साली लिहिलेल्या लेखातील गोष्ट सांगितली. मुलांना शब्दकोशातील व्याख्या वाचून वाक्ये करायला दिली होती. ‘इरोड’ म्हणजे झीज होणे. पण व्याख्येतील ‘ईट आउट’ एवढेच पकडून एका मुलाने लिहिले की आमचे कुटुंब बऱ्याचदा ‘इरोड’ करते, म्हणजे बाहेर जेवायला जाते. ते मूल बुद्धीने कमी नव्हते, त्याच्या हाती शब्दाचा केवळ एक तुकडा आला होता. हे ऐकून ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

यानंतर आम्ही पद्धत बदलली. वहीऐवजी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश घेतला; अशा काही कोशांत सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच व्याख्या दिलेल्या असतात, त्यामुळे अर्थ शोधताना नवे कोडे उभे राहत नाही. दिवसाला चारच शब्द घ्यायचे, व्याख्या वाचायची, आणि त्याहून जास्त वेळ उदाहरणांवर द्यायचा: या शब्दाच्या शेजारी कोण बसते, पुढे ‘टू’, ‘फॉर’ यांसारखे कोणते शब्दयोगी अव्यय येते, सूर कौतुकाचा आहे की टीकेचा. मग स्वतःच्या आयुष्यातील एक खरे वाक्य लिहायचे. काही दिवसांनी वाक्यातील तो शब्द झाकून तो आठवायचा, कारण इंग्रजीवरून मराठी ओळखणे आणि मनातल्या अर्थावरून इंग्रजी शब्द शोधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि बोलताना दुसरीच लागते. तिने वर्षभर फक्त पहिलीचा सराव केला होता.

‘कॉम्प्लेसंट’ तिला पुन्हा लिहायला लावताना मला थोडी धाकधूक होती. तिने लिहिले की पहिल्या परीक्षेत चांगले गुण मिळाल्यावर मी कॉम्प्लेसंट झाले आणि दुसरीत नापास झाले. वाक्य अचूक होते. ते तिने दोनदा मोठ्याने वाचले.

शेवटच्या भेटीत ती ‘कन्ड्यूसिव्ह’ हा शब्द घेऊन आली. शांत खोली अभ्यासाला पोषक असते, असे सांगताना तिने पुढे ‘फॉर’ लिहिले होते. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “थांबा मॅडम, उदाहरणांत सगळीकडे ‘टू’ होते,” आणि पेनाने एक रेघ मारून तिने ते दुरुस्त केले.