मुलांच्या उपक्रमासाठी वस्तू विकाव्यात की थेट वर्गणी द्यावी?

मुलीच्या संघाच्या प्रवासखर्चासाठी प्रत्येक कुटुंबाला वस्तू विकायला दिल्या आहेत, तर त्या विकाव्यात की सरळ पैसे द्यावेत, असा आपला प्रश्न आहे. माझी दोन्ही मुले अशा उपक्रमांत वाढली आणि काही वर्षे मी पालक समितीची खजिनदारही होते. त्या अनुभवावरून सांगते की थेट वर्गणीचा पर्याय असेल तर तो घ्यावा, आणि नसेल तर समितीकडे तो आग्रहाने मागावा.

विक्रीच्या रकमेतून वस्तू पुरवणारी कंपनी आधी आपला वाटा घेते. तो निम्मा असला, तर ओळखीच्या माणसाने दिलेल्या शंभरातले पन्नासच मुलांपर्यंत पोहोचतात. शिवाय बहुतेक वस्तू नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातले सहकारीच घेतात, आणि त्यांचीही मुले कुठल्या तरी संघात असल्यामुळे पुढे त्यांच्याकडून तसेच काही घेणे आपल्याला भाग पडते. अशा रीतीने पैसा त्याच घरांमध्ये फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत त्यातला काही भाग बाहेर जातो.

याहूनही गंभीर मला वाटते ती ‘जितकी विक्री, तितकी आपल्या मुलाची फी कमी’ ही पद्धत. ती वरवर न्याय्य दिसते, कारण कष्ट करणाऱ्याला फळ मिळते; परंतु ज्या मुलाच्या पालकांचा गोतावळा लहान आहे किंवा ज्यांना कामातून सवड नाही, ते मूल त्यात मागे पडते, आणि खरी गरज बहुधा त्यालाच असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबमध्ये (खेळाडूंसाठी निधी गोळा करणाऱ्या पालकांच्या संस्थेत) पालकांना निधी संकलनाबद्दल गुण देऊन त्या प्रमाणात त्यांच्याच मुलांचा खर्च कमी केला जात असे. अमेरिकेच्या कर न्यायालयाने 2013 मध्ये, हा लाभ सर्व खेळाडूंचा नसून ठरावीक कुटुंबांचा आहे, असे मानून क्लबची करसवलत काढून घेण्याचा निर्णय कायम ठेवला. कायदा देशोदेशी वेगळा असला, तरी त्यामागचा विचार मला सर्वत्र पटण्यासारखा वाटतो. गोळा झालेला निधी सर्वांचा एकत्रच असावा.

मुलीला स्वतःला विक्री करण्याची हौस असेल, तर तिला अडवू नये. अनोळखी माणसाशी नीट बोलणे, नकार शांतपणे ऐकणे, पैशांचा हिशेब ठेवणे हे ती त्यातून खरोखर शिकेल. मात्र तिला एकटीला दारोदार पाठवू नये, आणि अधिक विकणाऱ्याला बक्षीस असेल तर ते मिळवून देण्यासाठी आपण स्वतः वस्तू विकत घेऊ नयेत.

वस्तू ताब्यात घेण्यापूर्वी समितीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: विक्रीतला किती हिस्सा संघाला मिळणार, न विकलेला माल परत घेतला जाणार का, आणि हिशेबात तूट आली तर ती कोणी भरायची.