ऑफिस-कारखान्यात कोणते शब्द वापरतो याने कामात खरंच फरक पडतो का?

पडतो, चांगलाच. बेंजामिन व्होर्फ हा भाषेचा अभ्यासक 1919 पासून अमेरिकेत आगीच्या विमा कंपनीत नोकरीला होता, त्याने पाहिलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांपाशी माणसं सांभाळून वागतात आणि 'रिकाम्या'पाशी बिनधास्त सिगरेट ओढतात, खरं तर आत पेट घेणारी वाफ उरलेली असते, धोका उलट जास्त. आमच्या वडोदऱ्यात नंदेसरीच्या केमिकलवाल्यांना हे लगेच कळेल. शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये 'ड्रम रिकामा' लिहिलं की पुढचा गडी निवांत, तेच 'धुतला नाही, आत वाफ आहे' लिहिलं तर वेल्डिंगला हात लावायच्या आधी तो परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, मागणार. ड्रम तोच हां! बाकी भिंतीवरचे 'आपण सगळे एक कुटुंब'वाले बोर्ड, त्याने काही होत नाही, ओव्हरटाइम मागून बघा.