‘घरी जायचंय, पण आज नको’

मनोरुग्णालयात दाखल होऊन नऊ दिवस झाले होते. शाळेत गणित शिकवणाऱ्या या बाई समुपदेशनाच्या खोलीत आल्या त्या पाय फरफटत. अशक्तपणामुळे नव्हे. बुटांच्या नाड्या पहिल्याच दिवशी काढून घेतल्या होत्या आणि बूट निसटू नयेत म्हणून बोटं आवळून चालावं लागत होतं. खुर्चीत बसून बुटाची बाहेर लोंबणारी जीभ आत ढकलत त्या म्हणाल्या, “मला घरी जायचंय. पण आज सोडतो म्हणालात, तर आज नको.” जरा थांबून पुढे म्हणाल्या, “खरं सांगू का? इथे बरं वाटायला लागलंय. म्हणजे मी आता इथलीच झाले का?”

(बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. अनेकांच्या अनुभवांतून हे चित्र जुळवलं आहे.)

स्वतः सही करून मनोरुग्णालयात दाखल झालेली बहुतेक माणसं हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. नैराश्य टोकाला गेलेलं असतं, मरणाचे विचार पाठ सोडत नसतात, म्हणून माणूस आत येतो. आत आल्यावर सुटल्यासारखंही वाटतं आणि कोंडल्यासारखंही. सिस्टरबद्दल कृतज्ञता वाटते आणि तासाभराने तिचाच राग येतो. गंमत म्हणजे अशा दुहेरी भावनेला मानसशास्त्रात जो शब्द रुळला, ‘अँबिव्हॅलन्स’, तो ऑयगेन ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९१०च्या सुमारास वापरात आणला आणि स्किझोफ्रेनियाच्या मूळ लक्षणांत त्याची गणना केली. त्याचा पडसाद अजून ऐकू येतो. पेशंट सकाळी ‘थांबते’ आणि संध्याकाळी ‘जाते’ म्हणाला की कोणीतरी लगेच त्याला आजाराच्या खात्यात टाकतं. हे बरोबर नाही. जिथे दाराला आतून कडी नाही अशा जागी बरं वाटत असेल, तर मन दोन्हीकडे ओढलं जाणारच.

चूक होते ती ऐकणाऱ्यांची. बाईंचा मोठा भाऊ रोज भेटायला यायचा आणि थांबण्याचे फायदे सांगायचा. तो जितकं सांगे, तितक्या बाई जाण्याची कारणं काढत. एकाने एक बाजू उचलून धरली की समोरच्याच्या वाट्याला दुसरी बाजू उरते, आणि ती बोलता बोलता त्याला स्वतःलाच पटत जाते. म्हणून दादांना एवढंच सांगितलं की आठवडाभर सल्ला बंद, फक्त विचारा, “आज कशाचा त्रास झाला? कशाने बरं वाटलं?” शिवाय भेट अर्ध्या तासाची, आणि किती वाजता संपणार ते आधीच ठरलेलं. त्याआधी बाई दोन-दोन तास हसऱ्या चेहऱ्याने बसायच्या आणि दादा गेले की रात्रीपर्यंत अंथरुणातून उठायच्या नाहीत.

बाईंना दिला एक कागद, चार चौकटींचा: थांबण्याचा फायदा, थांबण्याचा त्रास, जाण्याचा फायदा, जाण्याचा त्रास. हा कागद नवा नाही, बरेच समुपदेशक तो वापरतात. पण तो एका बैठकीत भरून घेतला तर फारसा उपयोगी पडत नाही. तीव्र नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट असते आणि संध्याकाळकडे मन हलकं होत जातं. सकाळचा कागद एक सांगतो, संध्याकाळचा दुसरंच. म्हणून तीन दिवस, सकाळी साडेसात आणि संध्याकाळी सहा, असे सहा कागद. वर तारीख आणि वेळ. भेट किंवा फोन झाल्यावर तासभर लिहायचं नाही.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी गणिताच्या बाई जे करतील तेच केलं. ओळी मोजल्या आणि खाली उत्तर लिहून अधोरेखित केलं: ‘जाणे ७, थांबणे ४’. त्या सात ओळींत जेवणाची वेळ, टीव्हीचा आवाज, शेजारच्या खाटेवरची बडबड, रात्रीचा टॉर्च असं बरंच होतं. चारमधली एक ओळ मात्र अशी होती: ‘घरी सगळ्या गोळ्या माझ्याच हातात असतील.’ या एका ओळीपुढे बाकीच्या सातांचं वजन काहीच नाही. ती ओळ त्यांना मोठ्याने वाचायला सांगितली. वाचून झाल्यावर त्यांनी खालचं उत्तर स्वतःच खोडलं.

नंतर प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहायची: हे कोणाला सांगायचं? इथे गुंता सुटायला लागतो. ‘जायचंय’ ही एकच इच्छा वाटत होती, तिचे पाच-सहा तुकडे निघाले आणि त्यांतल्या बहुतेकांचा घरी जाण्याशी संबंधच नव्हता.

टॉर्चचंच बघा. आत्महत्येची जोखीम असलेल्या पेशंटवर ठरावीक वेळाने नजर टाकतात. बाईंच्या बाबतीत दर १५ मिनिटांनी, रात्रीसुद्धा. सिस्टर श्वास चालू आहे का ते बघते, म्हणजे छाती हलताना तिला दिसायला हवी. बाई उजेड टाळायला पांघरूण डोक्यावरून घ्यायच्या, त्यामुळे सिस्टरला जवळ येऊन पांघरूण बाजूला करावं लागे आणि बाईंची झोप जास्तच मोडे. उपाय साधा निघाला. तोंड भिंतीकडे, पांघरूण खांद्यापर्यंत, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला पाळी सुरू होतानाच विनंती: “टॉर्च तोंडावर नको, खाली धरा.” नजर ठेवण्याचं अंतर वाढवता येईल का, हा प्रश्न मात्र डॉक्टरांसाठी. तो राउंडलाच विचारायचा, मध्यरात्री सिस्टरशी वाद घालून काही होत नाही, तिला तो अधिकार नसतो.

राउंडला एका पेशंटच्या वाट्याला बऱ्याचदा पाच-दहा मिनिटंच येतात. तेवढ्यात माणूस एक तर ‘बरंय’ म्हणतो, नाही तर ‘मला सोडा’. दोन्हींतून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. आदल्या रात्री तीन ओळी लिहून ठेवाव्यात. पहिली, त्रास आकड्यांसकट: ‘झोप चार तास, दोन वाजता जाग, गोळीनंतर तासाभराने मळमळ.’ दुसरी, एक मागणी. तिसरी, एक प्रश्न. बाईंचा प्रश्न होता, “मला सोडण्याआधी तुम्हाला काय दिसायला हवंय?” ‘कधी सोडणार’ याचं उत्तर टोलवता येतं, याचं टोलवता येत नाही. उत्तर मिळालं: सलग काही रात्री नीट झोप, मरणाचे विचार आले तर ते आपणहून सांगणं, आणि घरी गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात.

औषधांबद्दल एक गोष्ट पेशंटला आणि घरच्यांना, दोघांना कळायला हवी. नैराश्याच्या गोळ्यांनी मनःस्थितीत ठळक फरक पडायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. झोप, भूक आणि अंगातली ताकद अनेकदा आधी सुधारते, आशा मागाहून येते. ताकद आली आहे पण आशा आलेली नाही, हे मधले दिवस जोखमीचे. नेमकं याच दिवसांत माणूस बाहेरून ‘सुधारलेला’ दिसतो आणि घरचे डिस्चार्जची घाई करतात. रागाच्या भरात डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेलं की पुढची तारीख आणि औषधांची सोय, दोन्ही मागे राहतात. गोळ्या अचानक तुटल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं होऊ शकतं. चिंता आणि झोपेच्या काही गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम थांबवल्या तर फिटसुद्धा येऊ शकते.

आता ‘मी इथलीच झाले का’ याबद्दल. या भीतीला ‘छे, असं काही नसतं’ म्हणून उपयोग नाही. बाईंना विचारलं, “इथे बरं वाटतं म्हणजे नेमकं कशाने?” त्यांनी सांगितलं: उठायची वेळ ठरलेली, रात्री नऊला ट्रॉलीची चाकं वाजतात आणि कोणीतरी गोळी हातात देतं, शाळेचे मेसेज येत नाहीत, दिवसातून तीनदा कोणीतरी ‘कसं आहे’ विचारतं, आणि रात्री कोणीतरी जागं असतं. पाचांतल्या चार गोष्टी बरोबर नेता येण्यासारख्या निघाल्या. सात कप्प्यांची आठवड्याची डबी, बाकीच्या स्ट्रिप दादांच्या कुलपात, रात्री फोन दुसऱ्या खोलीत, तीन ठरलेल्या वेळी विचारणारी तीन माणसं. पाचवी नेता येत नाही, घरी रात्रपाळी नसते. हे लपवू नये. त्या जागेसाठीच सुरक्षा-योजना असते.

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलेला सहा पायऱ्यांचा आराखडा त्यासाठी वापरतात: धोक्याची खूण, स्वतः करण्याजोगं काही, मन दुसरीकडे वळवणारी माणसं किंवा जागा, मदत मागता येतील अशी माणसं, डॉक्टर आणि तातडीचे नंबर, आणि घरातली घातक साधनं दूर करणं. गुळगुळीत शब्द लिहिले की ही योजना फुकट जाते. बाईंनी पहिल्या पायरीवर ‘उदास वाटणे’ लिहिलं होतं. उदास तर त्या रोजच होत्या. खोदून विचारल्यावर खरी खूण निघाली: ‘उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडते, पहिला पेपर बघते, पुन्हा बांधते. दिवसात तीनदा.’ ही खूण दादांनाही दिसू शकते.

ज्यांना स्वतःच्या इच्छेविरुद्ध दाखल केलंय, त्यांचं गणित निराळं. त्यांच्या रागाला आधी जागा द्यावी, चौकटींचा कागद पुढे करू नये. कोणत्या कारणाने, किती दिवसांसाठी, कोण फेरविचार करणार आणि दाद कुठे मागायची, ही चार उत्तरं त्यांना शक्यतो लेखी मिळायला हवीत. अपमान किंवा मारहाण झाली असेल तर त्यावर समुपदेशन पुरत नाही, तक्रारच करायला हवी.

सोळाव्या दिवशी बाईंना घरी जाऊन यायला चार तासांची सुट्टी मिळाली. दारापाशी सिस्टरने पाकिटातून नाड्या काढून दिल्या. बाईंनी खाली बसून दोन्ही बुटांत त्या ओवल्या, घट्ट गाठी मारल्या, आणि उभं राहिल्यावर पाय अवघडल्यासारखे वाटले म्हणून डावी गाठ पुन्हा सैल केली. परत आल्यावर ‘कसं वाटलं’ विचारलं नाही. विचारलं: गोळी कोणाजवळ होती, वाईट विचार किती वाजता आला, तेव्हा घरात कोण होतं, परत यायला नकोसं वाटलं का? शेवटच्याचं उत्तर ‘हो, आणि आल्यावर बरं वाटलं’ असं होतं. पुढची सुट्टी एका रात्रीची, त्यापुढची दोन रात्रींची. डिस्चार्ज झाला तोही पुढची भेट आधी ठरवूनच, पाचव्या दिवशीची. घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक, म्हणून ही भेट सात दिवसांच्या पुढे ढकलू नये.

नऊच्या ट्रॉलीच्या जागी त्यांनी नऊचा गजर लावला होता. चौथ्या सकाळी डबीतला एक कप्पा भरलेलाच दिसला. दादा रागावले नाहीत, ठरल्याप्रमाणे वॉर्डला फोन लावून त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. उत्तर मिळालं: काल रात्रीची राहू द्या, आज रात्री नेहमीची एकच घ्या, दोन एकदम नकोत.