बाबा पदमनजींची पत्रे, हस्तलिखिते आणि पहिल्या आवृत्त्या पुण्यात एका ठिकाणी पाहायला मिळतात का?

तुम्ही लिहिले आहे की 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजींवर प्रबंध करायचा आहे, तुम्ही पुण्यातच राहता, आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कागदांचे जसे जतन झाले तसे यांच्याही कागदांचे कुठे झाले आहे का, हे तुम्हाला हवे आहे. मी गेली सात-आठ वर्षे जुनी मराठी ख्रिस्ती पुस्तके शोधत पुण्यातल्या ग्रंथालयांत बसतो आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक होते. त्यांच्या ट्रंकेतून हे वेड लागले. तेव्हा सरळ सांगतो: एका ठिकाणी असे काही मला सापडलेले नाही. पण तसे का झाले, ते कळले तर कुठे जायचे तेही कळते.

आधी माणूस. बाबांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. घर त्वष्टा कासारांचे, देवधर्म कडक पाळणारे. शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत आणि मग मुंबईत. मुंबईत परमहंस सभेच्या, म्हणजे जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त मंडळाच्या, तरुणांत त्यांची ऊठबस होती. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' ही कादंबरी छापून आली. वय सव्वीस. पुढे पुण्यात शिकवले, इथल्या फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक झाले, मग ते काम सोडून लेखनालाच वाहून घेतले. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकासाठी लिहिले, शब्दकोशांचे काम केले, 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. लहानमोठी शंभरावर पुस्तके. १९०६ मध्ये मुंबईत वारले.

कादंबरीबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण पुष्कळ लोक तिचे फक्त नाव घेतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे पुस्तकाच्या आदल्या वर्षीचा. कायदा झाला, पण नवरा वारला की विधवेचे केस काढायला दारात न्हावी यायचा काही थांबला नव्हता. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि जिथे जातात तिथे एकेका विधवेची हकिगत ऐकतात. मग विनायकरावांचाच मृत्यू होतो आणि इतका वेळ दुसऱ्यांचे ऐकणारी यमुना स्वतः त्या जागी येऊन उभी राहते. शेवटी ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. धर्मचर्चेची पाने आज वाचताना जड जातात, हे मी ख्रिस्ती असूनही म्हणतो. पण बायका आपसांत बोलतात ती पाने मी पुन्हापुन्हा काढून वाचतो. पहिली मराठी कादंबरी हीच की १८६१ ची 'मुक्तामाला', हा वाद तुमच्या मार्गदर्शकांना हवा असेल तर एका पानात उरका. त्याहून महत्त्वाचे काम पडले आहे.

आता कागदांकडे. बाबा ज्या ज्या संस्थेत होते, त्या त्या संस्थेच्या दप्तराबरोबर त्यांच्याविषयीचे कागद गेले. बेळगावची मिशन लंडन मिशनरी सोसायटीची. तिची दप्तरे आज लंडन विद्यापीठाच्या सोआस ग्रंथालयात आहेत. पुण्या-मुंबईतली फ्री चर्चची मिशन स्कॉटलंडची, तिचे कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरला काढले ते अमेरिकन मराठी मिशनने, आणि त्या मिशनच्या मूळ संस्थेची दप्तरे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. एका बेळगावकराच्या आयुष्याचा माग काढायचा तर तीन देशांत पत्रव्यवहार करावा लागतो. आणि ही दप्तरे मुख्यतः इंग्रजीत, मिशनऱ्यांनी वरच्या कचेरीला पाठवलेल्या पत्रांची आणि अहवालांची. त्यांत बाबा दिसतील ते दुसऱ्याच्या नजरेतून: एतद्देशीय पाळक, होतकरू शिक्षक. ते स्वतः बोलतात ते मराठीत, छापील पुस्तकांत. म्हणून माझे ठाम मत असे की त्यांच्या बाबतीत जुनी छापील प्रतच दप्तर मानायची. फक्त मजकूर वाचून ती परत देऊ नका. मुखपृष्ठ, किंमत, मागच्या पानावरच्या जाहिराती, आधीच्या मालकाची सही, सगळे टिपून घ्या.

टिळकांचे वेगळे झाले, कारण त्यांचे कागद घरात राहिले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये ते गेले, आणि ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आले. मुलगा देवदत्त पाठीशी उभा राहिला, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची नीट संपादित आवृत्ती काढली. तीन पिढ्यांनी एकाच कामाला हात लावला. टिळकांची कविता थोर आहेच, पण ती आपल्यापर्यंत इतकी धडधाकट पोचली ती त्या घरामुळे. लक्ष्मीबाईंचे नाव मी या बाबतीत नेहमी आधी घेतो.

पुण्यात सुरुवात कुठून करावी? मी म्हणेन, कपाटापाशी जायच्या आधी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची इतकी मोठी नोंद दुसरी नाही. त्यातून बाबांच्या पुस्तकांची यादी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्या. मग विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय, १८४८ चे पुणे नगर वाचन मंदिर, आणि युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीचे ग्रंथालय. सेमिनरीत मार्गदर्शकांचे पत्र घेऊन जा. एक दिवस मुंबईसाठीही ठेवा, कारण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दोलामुद्रितांचा संग्रह पाहिल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. १८६७ पर्यंतच्या छापील पुस्तकांना आपल्याकडे दोलामुद्रिते म्हणतात. पुस्तकांची सरकारी नोंदणी सक्तीची करणारा कायदा त्या वर्षी झाला, आणि 'यमुनापर्यटन' त्याच्या दहा वर्षे आधीचे. इंटरनेट अर्काइव्हवर शोधताना एकाच नावावर थांबू नका. पदमनजी, पद्मनजी, पदमणजी, तिन्ही घालून बघा. 'यमुनापर्यटन' जोडून आणि तोडून, दोन्ही तऱ्हांनी शोधा. पहिल्या वर्षी हे न कळल्यामुळे माझे तीन महिने वाया गेले.

प्रती हाताळताना एक गोष्ट पाहून चकित व्हाल. आधीचे पुस्तक जास्त धड असते. १८५० च्या सुमाराचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, तो पिवळा पडतो पण वाकतो. शतकाच्या शेवटाकडे लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात आम्ल असते. तो चहासारखा तपकिरी होतो आणि कोपरा उलटायला गेलो तर पापडासारखा मोडून हातात येतो. अशा पुस्तकाची झेरॉक्स मागू नका, काचेवर दाबले की कणा जातो. मोबाईलवर, फ्लॅश बंद करून, परवानगीने फोटो काढा. टिपणांना पेन नको, पेन्सिल न्या.

आजोबांच्या ट्रंकेत 'अरुणोदय'ची एक प्रत होती. मुखपृष्ठ गेलेले, कडेला कसर लागलेली. तिच्या समासात दोन-तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी आहेत. एक जांभळ्या पेन्सिलीची: 'बाईंस वाचावयास दिले. पावसाळ्यानंतर परत आले.' दुसरीकडे फक्त 'खरे आहे' एवढेच, आणि त्याखाली जोरात ओढलेली रेघ. ती रेघ जिथे आहे तिथे बाबा घर सोडतानाचे सांगत आहेत. नगर जिल्ह्यातल्या कुठल्या तरी खेड्यात कंदिलापाशी बसून हे वाचणाऱ्या माणसाला त्या ओळीपाशी थांबावेसे वाटले. बाबांचे पुस्तक कुणी वाचले, कसे वाचले, याचा माझ्या हाती असलेला पुरावा हा एवढाच, आणि तो एडिंबरोत मिळणार नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट अजून सलते. पुण्यातल्या एका ग्रंथालयात (नाव देत नाही, माणसे भली आहेत) याच पुस्तकाची दुसरी एक प्रत मी पाहिली होती. तिच्याही समासात बारीक अक्षरात बरेच लिहिलेले होते. पुढच्या खेपेला निवांत उतरवून घेऊ म्हणून मी उठलो. दीड वर्षाने गेलो तेव्हा तिला छान लाल कापडी बांधणी झाली होती, आणि पाने सारखी करताना बांधणाऱ्याने तिन्ही बाजूंनी समास कापून टाकला होता. अर्धी अर्धी अक्षरे तेवढी उरली आहेत. 'परत आ' इथपर्यंत एक नोंद वाचता येते.

त्यामुळे तुम्हाला समासात काही लिहिलेले दिसले, तर त्याच दिवशी फोटो काढा आणि ग्रंथपालांना ते पान दाखवून ठेवा. दातेंच्या सूचीवरून मी केलेली यादी माझ्याकडे आहे, कुठली प्रत कुठे पाहिली तेही तिच्यात टिपले आहे. हवी असेल तर कळवा, पाठवतो.